उंबरठ्याच्या आतले स्वावलंबन

‘व्यवसायोपचार’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो ‘ऑक्युपेशनल थेरपी’ ह्या इंग्रजी नावाचा पर्याय म्हणून. शब्द चांगला आहे. परंतु ऐकणाऱ्याची तो थोडी दिशाभूल करतो. व्यवसाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकान, गिरणी, कचेरी, नाही तर वकिली अथवा वैद्यकी उभी राहते. आणि अपंगत्व आलेल्या माणसाला एखादा धंदा शिकवून मिळवता करणे एवढाच ह्या उपचाराचा अर्थ असावा, असा समज होतो. संस्कृतात मात्र ‘व्यवसाय’ म्हणजे निश्चय, प्रयत्न. गीतेतही हा शब्द निश्चयाच्या अर्थानेच आला आहे. सकाळी उठून तोंड धुणे, अंगावर कपडे चढवणे, तांब्या उचलून पाणी पिणे, घास तोंडापर्यंत नेणे ही कामे धडधाकट माणूस नकळत करीत असतो. ज्याचा हात किंवा पाय निकामी झाला त्याला त्यांतील प्रत्येक काम निश्चयाने आणि प्रयत्नाने करावे लागते. शब्दाच्या ह्या दोन अर्थांमध्ये, धंदा आणि निश्चय ह्यांमध्ये, ह्या उपचाराचा आपल्याकडील इतिहास हेलकावे खात आला आहे. तो थोडक्यात पाहिला असता असे दिसते, की रोग्याला कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचवण्याचा विचार समाजाने आधी केला. त्याला स्वतःच्या न्हाणीघरापर्यंत पोहोचवण्याचा विचार पुष्कळ उशिरा केला.

कामात गुंतलेले मन आणि शरीर लवकर सावरते, ही कल्पना जुनीच आहे. पण उपचारपद्धती म्हणून तिला आकार आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल ह्या वैद्याने मनोरुग्णांना साखळदंडांत ठेवण्याच्या रूढीविरुद्ध आवाज उठवला, तर इंग्लंडमध्ये यॉर्क येथे विल्यम ट्यूक ह्याने १७९६ साली मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाचे आश्रयस्थान उघडले. ट्यूक क्वेकर पंथाचा होता. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो, ही त्या पंथाची श्रद्धा. त्या श्रद्धेस अनुसरून यॉर्कच्या रोग्यांना बागकाम, शिवणकाम, घरकाम अशी कामे देण्यात येत आणि त्यांना माणसासारखे वागवण्यात येई. क्वेकरांचे हे नाव येथे ध्यानात ठेवणे इष्ट. कारण पुढे दीडशे वर्षांनी मुंबईच्या इतिहासात ते पुन्हा येणार आहे.

‘ऑक्युपेशनल थेरपी’ हे नाव मात्र एका रोग्याने प्रचारात आणले. जॉर्ज बार्टन हा अमेरिकन वास्तुशिल्पी क्षयाने जर्जर झाला होता. त्याच्या डाव्या पायाचा काही भाग कापावा लागला आणि त्यानंतर त्याची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या गावी १९१४ साली त्याने एक घर घेतले, त्याला ‘कन्सोलेशन हाउस’ असे नाव दिले आणि सुतारकाम व बागकाम ह्यांच्या साहाय्याने त्याने स्वतःवरच प्रयोग सुरू केले. १९१७ च्या मार्च महिन्यात त्याच घरात पाचसहा मंडळी जमली. त्यांत मनोरोगतज्ज्ञ विल्यम डंटन होते आणि मनोरुग्णांना दिनक्रमाच्या सवयी नव्याने लावण्याचे शास्त्र रचणाऱ्या एलिनर क्लार्क स्लेगल होत्या. त्या बैठकीत ह्या व्यवसायाची पहिली संघटना जन्मास आली. ती जन्मली एका अपंग माणसाच्या घरात, आणि तो माणूस घरे बांधणारा होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

परंतु काळ महायुद्धाचा होता. त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि जखमी सैनिकांच्या रांगा इस्पितळांत लागल्या. सरकारला त्या तरुणांना पुन्हा काम करण्याजोगे करावयाचे होते. विणमाग, सुतारकाम, टोपल्या विणणे ह्यांनी व्यवसायोपचाराचे विभाग भरून गेले. फिलाडेल्फिया येथे १९१८ साली ह्या विषयाची शाळा निघाली, तीही ह्याच गरजेपोटी. सैनिक बरा झाला ह्याचा अर्थ तो कामावर गेला, असा हिशेब रूढ झाला. तो हिशेब चुकीचा होता असे नाही. मात्र ज्याला कामावर जावयाचेच नव्हते त्याचा त्यात समावेश नव्हता.

भारतात ही विद्या आणण्याचे श्रेय श्रीमती कमला निंबकर ह्यांच्याकडे जाते. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. १९०० साली अमेरिकेतील एका क्वेकर कुटुंबात त्या जन्मल्या. विष्णू निंबकर ह्यांच्याशी विवाह करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या, त्यांनी कमला हे नाव घेतले आणि त्या इथल्याच होऊन गेल्या. पुढे प्रौढ वयात फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. अशी शाळा तोवर आशिया खंडात कोठेही नव्हती. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी व्यवसायोपचारकांचा जो जागतिक महासंघ उभा राहिला त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. शाळा निघून अवघी दोन वर्षे झाली होती, हे लक्षात घेता ही गोष्ट सामान्य म्हणता येणार नाही.

त्या वेळच्या मुंबईत ह्या कार्याला भूमीही तयार होती. मुलीला पोलिओ झाल्यामुळे ह्या प्रश्नाकडे वळलेल्या श्रीमती फातिमा इस्माईल ह्यांनी १९४७ साली अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत संस्था काढली होती. १९५५ साली हाजी अलीजवळ शारीरिक वैद्यक व पुनर्वसन ह्या विषयाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. तीन वर्षांनी, १९५८ साली, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराची दुसरी शाळा निघाली.

नागपूरच्या शाळेचे महत्त्व नकाशा पुढे घेतल्याशिवाय कळत नाही. नागपूर ही १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी. छत्तीसगडातला दुर्ग जिल्हा १९०६ साली निर्माण झाला तो ह्याच प्रांतात. आणि कचेरीच्या, रेल्वेच्या, शिक्षणाच्या निमित्ताने नागपूरकडची मराठी कुटुंबे दुर्गास, रायपुरास जाऊन स्थायिक झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात आले, दुर्ग भोपाळच्या कारभाराखाली राहिले. पण रुळ होते तिथेच राहिले. नागपुराहून गोंदिया, राजनांदगाव ओलांडून दुर्ग सुमारे २६५ किलोमीटरांवर येते. दुर्गाच्या शेजारी भिलाई येथे सोविएत सहकार्याने पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते झाले. पोलाद आणि व्यवसायोपचाराची शाळा अशा रीतीने ह्या एकाच लोहमार्गावर वर्षाच्या अंतराने आली. एकीकडे हजारो माणसांना नवा रोजगार मिळाला, आणि दुसरीकडे ज्यांचे हातपाय आजाराने वा अपघाताने निरुपयोगी झाले त्यांच्यासाठी काय करता येईल, ह्याचे शिक्षण सुरू झाले.

देश उभारणीचा तो काळ होता, आणि उभारणीच्या काळात मनुष्याकडे मनुष्यबळ म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक होते. १९५९ साली मुंबईत अपंगांसाठी देशातील पहिली स्वतंत्र सेवायोजन कचेरी निघाली. १९६८ साली व्यावसायिक पुनर्वसनाची केंद्रे सुरू झाली. त्याच वर्षी अपंगांना समान संधी मिळावी म्हणून श्रीमती निंबकर ह्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्वरूपाची एक संस्था स्थापन झाली. १९७७ साली केंद्र सरकारच्या खालच्या दोन वर्गांतील नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. ह्या सर्व गोष्टी आवश्यक होत्या. त्यांच्यामुळे असंख्य घरांत चूल पेटली. तथापि ह्या याद्या वाचताना असा प्रश्न मनात येतो, की संधिवाताने बोटे वाकडी झालेली गृहिणी, पक्षाघाताने आडवा झालेला सत्तर वर्षांचा निवृत्त कारकून, स्वतःच्या हाताने कधीच न जेवलेले मतिमंद मूल, ह्यांना सेवायोजन कचेरीचा काय उपयोग? पगार हेच माप धरले तर त्यांच्या सुधारणेची किंमत शून्य भरते. आणि स्त्रियांच्या बाबतीत तर हा अन्याय दुहेरी होता. कारण जे काम त्या जन्मभर करीत आल्या त्याला व्यवसाय हे नाव कोणी दिलेच नव्हते.

माप बदलण्याचे काम परदेशांत ह्याच सुमारास चालू होते. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील सिडनी काट्झ ह्या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली वृद्ध रुग्णांसाठी एक मापनपद्धती प्रसिद्ध केली. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण, ह्या सहा गोष्टी माणूस स्वतः करू शकतो की नाही, एवढेच तीत पाहावयाचे. १९६५ साली आलेल्या बार्थेल ह्यांच्या मापनात दहा बाबी होत्या आणि शंभर गुण होते. हे मापन सिद्ध करणाऱ्यांनीच बजावून ठेवले होते, की शंभर गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेलच असे नाही. त्याला स्वयंपाक किंवा घरकाम जमत नसेल. म्हणून १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी ह्यांनी स्वयंपाक, बाजारहाट, धुणे, औषधे वेळेवर घेणे, पैशांचा व्यवहार अशा कामांचे निराळे मापन तयार केले. मौज अशी, की त्या मापनात स्वयंपाक, घरकाम आणि धुणे ह्यांबद्दल पुरुषांना गुण देण्याची प्रथाच नव्हती. घरकाम बायकांचे, ही समजूत काही एकट्या हिंदुस्थानची नव्हे.

तरीसुद्धा ह्या मापनांनी मोठे काम केले. अंघोळ हा वैद्यकाच्या नोंदवहीत लिहिण्याजोगा विषय ठरला. मात्र ही मापने ज्या घरांसाठी तयार झाली ती घरे खुर्चीवर बसणाऱ्यांची होती. आपले घर जमिनीवर चालते. पाटावर किंवा सतरंजीवर मांडी घालून जेवावयाचे, मोरीत उकिडवे बसून भांडी घासावयाची, देवघरापुढे वाकावयाचे, आणि शौचाला तर उकिडवे बसण्यावाचून गत्यंतर नाही. भाजी चिरावयाची विळी पायाखाली दाबून धरावी लागते आणि चिरताना दोन्ही हात लागतात. चपला उंबरठ्याबाहेर काढावयाच्या असतात. परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नसे. तो घातलेला माणूस रस्त्यावर चाले आणि स्वतःच्या घराच्या दाराशी अडे. ही अडचण ओळखून जयपूर येथे १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी रबराचा जो पाय घडवला, त्याने अनवाणी चालता येई, उकिडवे बसता येई, मांडीही घालता येई. पायाची कसोटी रस्त्यावर नव्हे तर घरात लागते, हे त्या कारागिराने जाणले होते.

विदर्भात ह्या विषयाचे आणखी एक अंग दिसते, ते म्हणजे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी १९३६ साली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली तपोवनात, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनी पन्नाशीच्या आरंभी आनंदवनात रोग्यांच्या वसाहती उभ्या केल्या. तेथे शेती होती, विणकाम होते. रोगी भीक न मागता स्वतःच्या श्रमावर जगू लागला. ज्यांना घरच्यांनी उंबरठ्याबाहेर घालवले होते त्यांना ह्या वसाहतींनी श्रमाच्या वाटेने घर मिळवून दिले. त्या काळी दुसरी वाटही नव्हती. पुढे १९८० नंतर बहुविध औषधोपचार आले आणि रोगी घरी राहूनच बरा होऊ लागला. तेव्हा प्रश्न पुन्हा घरात आला. रोगजंतू गेले तरी हाताची गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो आणि भाजल्याचे कळत नाही. जखम चिघळते, बोटे झडतात. रोगाने नव्हे, तर रोजच्या स्वयंपाकाने ही हानी होते. अशा स्त्रीला व्यवसायोपचारक शिकवतो ते वरवर अगदी क्षुल्लक वाटते. चहा धातूच्या पेल्यातून न घेता कानाच्या कपातून घ्यावा. भांड्याला लाकडी मूठ बसवावी. सांडशी आणि जाड फडके हाताशी ठेवावे. काम संपल्यावर रोज तळहात डोळ्यांनी नीट पाहावेत, कारण स्पर्शाने जे कळत नाही ते दृष्टीनेच कळावयाचे. एवढ्या सवयीने हात वाचतो.

आता समजा, दुर्गातल्या एका घरातील गृहस्थांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. रुग्णालयात जीव वाचला, मालिश आणि व्यायाम ह्यांनी पाय थोडा टेकता येऊ लागला आणि ते घरी आले. येथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो. व्यवसायोपचारकापुढे तीन मार्ग असतात. पहिला, अवयवाची शक्ती जेवढी परत येईल तेवढी आणणे. त्यासाठी घडी घालणे, डाळ निवडणे, कणीक मळणे अशी घरातलीच कामे व्यायामासारखी वापरता येतात. दुसरा, काम करण्याची रीत बदलणे. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा, हा नियम ज्याला ठाऊक नाही तो अर्धा तास झगडतो. ठाऊक असेल त्याला चार मिनिटे पुरतात. तिसरा मार्ग, वस्तू आणि घर बदलणे. ताट उंच काठाचे घ्यावे आणि ते सरकू नये म्हणून खाली ओले फडके ठेवावे. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक लावावे. न्हाणीघरात पक्के स्टूल, भिंतीला धरावयास दांडी आणि अर्धीच भरलेली बादली ठेवावी. शौचकुपावर मधे भोक असलेली खुर्ची बसवावी. खाट इतकीच उंच असावी, की बसल्यावर पावले जमिनीवर पुरती टेकतील. उंबरठा उंच असेल तर तेथे उतार करावा. निदान त्याच्या कडेला ठळक रंग द्यावा. ह्यांतील बहुतेक कामे गावातला सुतार आणि शिंपी करू शकतो. खर्चापेक्षा येथे निरीक्षणाची गरज अधिक असते. आणि निरीक्षण घरात येऊनच करता येते. इस्पितळातली सपाट फरशी पाहून घरच्या मोरीचा अंदाज येत नाही.

परंतु घर म्हणजे केवळ भिंती आणि फरशी नव्हे. घरात माणसे असतात, आणि अनेकदा सर्वांत मोठी अडचण त्यांच्या प्रेमातूनच निर्माण होते. वडीलमाणसाला तांब्या हातात देणे, घास भरवणे, सदरा चढवणे ह्याला आपण सेवा म्हणतो आणि सेवेला आपल्या संस्कृतीत फार मोठे स्थान आहे. सून किंवा मुलगा ‘बाबा, तुम्ही बसा, मी करतो’ असे म्हणतो तेव्हा त्यात माया असते, लोकांच्या बोलण्याचा धाक असतो, आणि खरे सांगावयाचे तर कामावर जाण्याची घाईही असते. कारण दुसऱ्याला हळूहळू करू देण्यापेक्षा स्वतः झटकन करणे सोपे. जे अवयव वापरले जात नाहीत ते अधिकच दुबळे होतात. सहा महिन्यांत गृहस्थ खरोखरच बसून राहतात. पुढे सेवा करणाऱ्याचा, म्हणजे बहुधा पत्नीचा, दिवस त्यांच्या अंघोळीभोवती आणि जेवणाभोवती बांधला जातो. तिची पाठ दुखू लागते, तिचे बाहेर जाणे थांबते. एका माणसाचे परावलंबन दोघांचे होते.

आणखी एक अडचण निव्वळ आपली आहे. उजवा हात गेला तर जेवावयाचे डाव्या हाताने. पण डावा हात आपल्याकडे अशुद्ध मानलेला. चारचौघांच्या पंगतीत डाव्या हाताने जेवण्यापेक्षा घरात कोणी भरवलेले बरे, असे कित्येकांना वाटते. येथे व्यायामाचा किंवा साधनाचा उपयोग नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, शक्य तर पंगतीतल्या यजमानाने, ‘जेवा निःसंकोच’ एवढे म्हणणे हाच उपचार. त्यामुळे कुशल व्यवसायोपचारक रोग्याइतकाच वेळ घरच्या मंडळींशी बोलण्यात घालवतो. कोठे हात पुढे करावा ह्यापेक्षा कोठे तो आवरावा, हे शिकवणे त्याला अधिक अवघड जाते.

स्वावलंबन ह्या शब्दाचाही येथे थोडा विचार केला पाहिजे. पाश्चात्त्य देशांत पुष्कळ वेळा त्याचा अर्थ एकट्याने राहता येणे असा होतो. आपल्याकडे वृद्धाला एकटे राहावयाचे नसते. त्याला नातवंडांत राहावयाचे असते. पण त्यांच्यात राहूनही आपली अंघोळ आपण कधी करावी, कोणते वस्त्र नेसावे, केव्हा अंगणात जाऊन बसावे, हे त्याचे त्याला ठरवता यावे, आणि जमेल तेवढे त्याचे त्याला करता यावे, ही इच्छा परदेशी म्हणता येणार नाही. कुटुंबात राहणे आणि आपल्या हाताने जगणे ह्यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. पोलिओचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणपत्र भारताला मार्च २०१४ मध्ये मिळाले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाची जागा २०१६ च्या नव्या अधिनियमाने घेतली. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवांचा जो कायदा केला त्याच्या कक्षेत व्यवसायोपचारही आला आहे. दुसरीकडे आयुर्मान वाढले आहे. पक्षाघात, संधिवात, कंपवात, स्मृतिभ्रंश हे आता घरोघरचे विषय होत चालले आहेत आणि तेथे नोकरी परत मिळवण्याचा प्रश्न बहुधा नसतो. ज्यांचा हिशेब पूर्वीच्या याद्यांत होत नव्हता, तेच आता ह्या उपचाराचे मुख्य मानकरी ठरणार आहेत. तरीही जेथे कोठे खर्चाची मंजुरी मागावयाची असते तेथे ‘ह्यातून उत्पन्न किती वाढेल’ हा जुना प्रश्न पुढे येण्याचा संभव असतो. त्याला उत्तर देता येते: एका माणसाला स्वतः उठून न्हाणीघरापर्यंत जाता आले, तर दुसरा माणूस दिवसभरासाठी मोकळा होतो. परंतु हे उत्तर दिले नाही तरी चालण्याजोगे असावे. स्वतःच्या हाताने जेवता येणे ही गोष्ट कशाचे तरी साधन म्हणून मोलाची नाही. ती मुळातच मोलाची आहे.

बार्टनच्या घरापासून परळच्या रुग्णालयापर्यंत आणि तेथून नागपूरच्या शाळेपर्यंत ही विद्या इस्पितळांच्या दारांतून आली. तिला आता पुढचा पल्ला गाठावयाचा आहे, तो नागपुराहून दुर्गाच्या एखाद्या गल्लीतील घरापर्यंतचा. आणि अशी गल्ली दुर्गातच आहे असे नाही, ती प्रत्येक गावात आहे. तज्ज्ञ प्रत्येक दारी पोहोचेल तो दिवस दूर असेल. तोपर्यंत घरातल्यांना एक गोष्ट करता येईल. सकाळी आजारी माणूस सदऱ्याशी झगडताना दिसला, तर त्याच्याजवळ थांबावे, पडणार नाही एवढी काळजी घ्यावी, आणि त्याची बटणे त्याला लावू द्यावीत.